चिमट्याची जागा

धाकटीनं कानावरचे हेडफोन ओढून काढले आणि स्टँडला अडकवले.

"परत भोक पडलं."

"परत तिथंच," काचेपलीकडून रेकॉर्डिस्टमामा म्हणाला. "दोघींचा श्वास एकदम."

दोघी बहिणी जन्मभर एकाच माइकसमोर गालाला गाल लावून गायल्या. आवाज असे मिसळायचे की सख्ख्या आईलाही कुठला कुणाचा ते कळायचं नाही. ती दोघींत मिळून एकच शाबासकी द्यायची आणि त्यावरून पुढे आठवडाभर भांडण. पंचाईत एवढीच, की श्वासही दोघींना एकाच जागी लागायचा, आणि दोघींनी एकदम घेतला की गाण्याला भोक. थोरलीनं त्यावर उपाय काढला. आपण श्वास घेताना धाकटीला कोपराच्या वर चिमटा काढायचा. म्हणजे, तू थांब. चिमटा तरी कसला, मांस उपटून हातात यायचं.

"नखं काप गं भवाने," धाकटी कळवळायची. थोरली हसायची आणि नखं आणखी वाढवायची.

आता रेकॉर्डमधलं शेवटचं गाणं तेवढं राहिलं होतं. थोरली आपली बाजू शेवटच्या आजारपणात, खुर्चीत बसून गाऊन ठेवून गेली होती.

"तिचंच ठेवू एकटीचं," मामा हलकेच म्हणाला. "गोड लागतंय."

"दिवा मालवून एकटी झोपायची नाही ती. तिला एकटीला कुठं सोडू?"

"मग कागदावर खूण करून घे, कुठं थांबायचं ते."

"खुणा बघून श्वास थांबतो होय, मामा?"

धाकटीनं हेडफोन चढवले. माइकसमोरून जरा डावीकडे सरकली, पूर्वी उभी राहायची तशी. उजव्या हाताची बाही वर सारली.

"लाव."

थोरलीचा आवाज कानात उतरला. धाकटीनं डोळे मिटून त्यात आपला मिसळला. ती ओळ आली, ती जागा आली. श्वासासाठी तिचे ओठ विलग झाले, आणि ती दचकली. पण सूर सोडला नाही. गाणं शेवटपर्यंत सरळ वाहत गेलं, कुठं सांधा दिसेना.

"झालं की गं पोरी! कसं जमवलंस?"

धाकटी कोपराच्या वर चोळत होती. तिनं बाही खाली ओढली आणि उजवीकडच्या मोकळ्या जागेकडे वळून पुटपुटली,

"नखं कापली नाहीसच ना अजून?"

"कुणाशी बोलतेस?"

"बोलत नाही मामा, भांडतेय."

मामाचा हात माइक बंद करायला गेला होता. त्यानं तो मागे घेतला.