धुऊन दिलेलं सामान

"इथं सही करा, ताई," कारकून म्हणाला. "लष्कराच्या नियमानं त्यांच्या सगळ्या सामानावर पहिला हक्क पत्नीचा. म्हणजे तुमचा."

तिनं सही केली. शेजारी सासूबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. इस्त्रीकाकांनी ट्रंक उघडली.

काका छावणीच्या लॉन्ड्रीत होते. मोहिमेवर गेलेला जवान परतला नाही की त्याची ट्रंक आधी त्यांच्याकडे यायची. कपडे धुवायचे, तुटकं बटण लावायचं, कडक इस्त्री करायची आणि मग घरच्यांच्या हवाली करायचं, ही तिथली रीत. घरच्यांना चिखल-रक्त दिसू नये, म्हणून. काका तसे तिरसट, साहेबांच्या कपड्यांनाही नावं ठेवणारे. पण या ट्रंकांवर त्यांचा जीव. या कामाला ते दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नसत.

तिनं चौकड्यांचा शर्ट उचलून नाकाशी धरला. मग दुसरा. मग बनियन, टॉवेल, मफलर. काकांच्या घड्या भराभर मोडत गेल्या.

"धुतलंत?"

"दोनदा! कॉलर तर ब्रशनं घासली."

"सगळंच?"

"एक रुमाल सोडला नाही, ताई."

तिनं मफलर खाली ठेवला. "सामान माझं म्हणालात ना? मग त्याचा मळही माझाच होता. एकदा विचारायचं तरी मला."

"अहो, रीतच आहे तशी..." कारकून सुरू झाला.

"तू गप रे!" काका त्याच्यावर खेकसले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, आणि तेही इतकी वर्षं! आणखी किती जणी अशाच घरी जाऊन कपडे हुंगत बसल्या असतील?

सासूबाईंनी शर्ट घेतला, कॉलर उलटून पाहिली. "माझ्याच्यानं याची कॉलर कधी स्वच्छ निघाली नाही हो. मेला नुसता मळवून यायचा. छान धुतलीत तुम्ही." आणि त्यांना रडू फुटलं.

त्या बोलण्यानं काकांना जास्तच लागलं. दोघी सासूसुना पुन्हा घड्या घालू लागल्या. काकांनी मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला.

महिन्याभरानं दुसरी ट्रंक आली. काकांनी कारकुनाला फोन लावायला सांगितला.

"बाई, लॉन्ड्रीतनं बोलतोय. तुमच्या यजमानांचं सामान आलंय. धुऊ, की तसंच ठेवू? तुम्ही म्हणाल तसं."

 

"तसंच ठेवा," पलीकडून ती बाई म्हणाली. "मी निघालेच. कुणाला हात लावू देऊ नका."

"नाही देणार."

वाफ लागू नये म्हणून काकांनी ट्रंक आतल्या कोरड्या खोलीत नेली, दार ओढून घेतलं आणि दाराशी स्टूल टाकून बसले. त्या दिवशी त्यांनी इस्त्री तापवली नाही.