लाल रेघ

आमची कंपनी वयाने दोन वर्षांची आणि तोंडाने चांगली चाळीस वर्षांची. जमिनीत खोल भोकं पाडून धातू शोधायचं एक ड्रिल मशीन, एक पत्र्याची शेड, एवढाच काय तो पसारा. पण मालकाच्या बोलण्यात सोनं आणि तांबं नुसतं उतू जात असतं.

ड्रिलमधून मनगटाएवढ्या जाडीचे दगडाचे दांडे निघतात. त्यांना आम्ही कोअर म्हणतो. ते उभे चिरायचं काम माझं, गेली पंधरा वर्षं, चार कंपन्यांत. नियम सोपा आहे. आधी दांड्यावर लाल रेघ ओढायची, धातूची चकाकी दोन्ही बाजूंना सारखी येईल अशी. मग रेघेला अगदी लागून चिरायचं. रेघ असलेला अर्धा भाग पेटीत राहतो, दुसरा पिशवीतून तपासणीला जातो. नेहमी. कोणता अर्धा पाठवायचा हे कुणी ठरवायचंच नाही, त्यासाठी ती रेघ.

सोमवारी कामावर आले तर चार पेट्यांतल्या दांड्यांवर रेघच नाही. नुसते फिकट, राखाडी अर्धे. शनिवारी मी सुट्टीवर होते. तेवढ्यात कुणीतरी चकाकणारे अर्धे निवडून पाठवले होते, आणि त्या घाईत रेघेचं भानही राहिलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमचा भूवैज्ञानिक म्हणजे माझा भाचाच. बहीण गेल्यावर मीच त्याला वाढवलं, शिकवलं. तो लाल पेन्सिल घेऊन माझ्याकडे आला.

"मावशी, तेवढ्या रेघा ओढून टाक ना. तुझा हात बसलाय, कुणाला कळायचं नाही."

"तू चिरलंस?"

"मालक डोक्यावर उभे होते गं. मोठी कंपनी भागीदारीला येतेय. सोनं आहेच खाली, जरा उठून दिसलं तर बिघडलं कुठे?"

"आहेच तर निवडून कशाला पाठवलंस?"

त्याने पेन्सिल तेवढी पुढे सरकवली. मी पेन्सिल त्याच्याच खिशात कोंबली. पण बोभाटाही केला नाही. हे बाहेर फुटलं असतं तर पुन्हा कुठल्या कंपनीने त्याला दारात उभं केलं नसतं. मला वाटलं, स्वतःहून कबूल करेल. एवढं तर मी शिकवलं असेल.

गुरुवारी मोठ्या कंपनीची तपासनीस आली. चष्मा कपाळावर चढवून पेट्या बघत बघत त्या चार पेट्यांशी थांबली.

"इथली रेघ कुठे गेली? कोणी चिरलं हे?"

मालकाने क्षणाचाही उशीर केला नाही. "ही बाई चिरते. वय झालं हो, दिसत नाही नीट. दया येते म्हणून ठेवलंय."

दया! ज्याला सोनं आणि पिवळा दगड यातला फरक कळत नाही, तो माझ्या डोळ्यांबद्दल बोलणार! मी भाच्याकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे पाहत होता.

"शेडमध्ये तीनशे पेट्या आहेत," मी म्हणाले. "हव्या तेवढ्या उघडा. एका जरी पेटीत माझी रेघ चुकली असेल तर आत्ता घरी जाते."

ती खरंच उघडायला लागली. दहा, वीस, चाळीस. प्रत्येकीत रेघ जागच्या जागी. मालकाचा रुमाल ओला झाला. मी अधूनमधून भाच्याकडे बघत होते. बोल रे, अजून वेळ आहे. साठाव्या पेटीला तपासनीस बाईने हात पुसले, पाणी प्यायलं, वही उघडली. तो बोलला नाही.

"मग या चार कोणी चिरल्या?" तिने विचारलं.

"माझ्या भाच्याने. मालकांच्या सांगण्यावरून. चकाकणारे अर्धे पिशवीत गेलेत. पेटीत उरलेले तपासून बघा, फरक कळेल."

"मावशी!" भाचा ओरडला. आता बरा आवाज फुटला! "तू सख्खी मावशी ना माझी?"

"म्हणून तर साठ पेट्या थांबले," मी म्हणाले. "दुसरा कुणी असता तर पहिल्याच पेटीला सांगितलं असतं."