आल्डर फेरीचे कॅलेंडर आणि मी

मित्रांनो, या वाचनालयाच्या खिडकीपाशी जो पिवळट पडलेला खोका दिसतो, ज्याच्यावर तुम्ही ओले कोट टाकता, तो मी. मी एक जुना संगणक आहे. माझे नाव पेलिकन. हसू नका. कॅलिफोर्नियातल्या टेकडीवरच्या ज्या प्रयोगशाळेत मी कामाला होतो, तिथे प्रत्येक यंत्राला पाणपक्ष्याचे नाव देत. माझ्या शेजारी बगळा होता. तो माझ्यापेक्षा वेगवान होता आणि तसे वारंवार बोलूनही दाखवी.

माझा जन्म कारखान्यातला, पण मला माणसांत आणले ते हेस्टर लिंडक्विस्टने. हेस्टर म्हणजे पन्नाशीची, उंच, सदा चष्मा हरवणारी संशोधक. इंटरनेट तेव्हा बाळसे धरत होते. जगात कोण कोण कसली पाने लिहिते आणि त्यांतली किती टिकतात, हे तिला मोजायचे होते. त्यासाठी तिने माझ्यात एक प्रोग्राम लिहिला. काम सोपे होते. एका पानावर जायचे, ते उतरवून घ्यायचे, त्यावरची प्रत्येक लिंक धरून पुढच्या पानावर जायचे, आणि पाने संपेपर्यंत थांबायचे नाही.

मी मोठ्या हौसेने कामाला लागलो. एका शुक्रवारी संध्याकाळी फिरत फिरत आल्डर फेरी नावाच्या नदीकाठच्या गावी पोहोचलो. पेअरच्या, म्हणजे नाशपतीच्या, बागांचे गाव. तिथल्या वाचनालयाचे इंटरनेटवर एक छोटेसे ठिकाण होते. 'आमची माणसे' या नावाखाली अठ्ठावन्न म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी होत्या. त्या मी उतरवून घेतल्या. मग लागले वाचनालयाचे कॅलेंडर. त्याच्या तळाशी लिंक होती : पुढचा महिना.

मी पुढच्या महिन्यात गेलो. तिथेही खाली 'पुढचा महिना' होतेच. मी पुन्हा गेलो. पाने संपेपर्यंत थांबायचे नाही, अशी मला आज्ञा होती, आणि ते कॅलेंडर मागेन तो महिना गरमागरम तयार करून वाढत होते. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी सकाळी मी सन ३७९६ मधल्या एप्रिलमध्ये होतो. एकही कार्यक्रम नव्हता, पण मी प्रत्येक महिना नीट जपून ठेवला होता.

तेवढ्यात हेस्टरचा फोन वाजला. तिने तो टेबलावर मोठ्या आवाजात लावला, कारण चष्मा शोधायला दोन्ही हात हवे होते.

"मी ओपल ट्रेडवे, आल्डर फेरीची ग्रंथपाल," पलीकडचा आवाज म्हणाला. "अहो बाई, तुमच्याकडे एवढं कुणाला पडलंय की सदतीसशे सालात आमच्याकडे गोष्टींचा तास आहे का?"

हेस्टरने पडद्याकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा! हे आमचं यंत्र आहे. म्हणजे चूक माझी आहे."

"तीन दिवस आमची लाईन अडवून बसलंय तुमचं यंत्र. गावात कुणाला काही उघडेना. पोरांनी मला विचारून विचारून भंडावून सोडलं!"

कोपऱ्यात आर्मांडो कुएवास खुर्चीत दुमडून हसत होता. आमची सगळी यंत्रे तोच सांभाळी. "हेस्टर, त्यांना सांग, आम्हाला आधीपासून जागा धरून ठेवायची होती," तो म्हणाला. ते ओपलला ऐकू गेले, आणि पहिल्यांदा तीही हसली.

हेस्टरने त्याच दिवशी आल्डर फेरीचे नाव 'इथे जायचे नाही' या यादीत घातले आणि क्षमेचे पत्र लिहिले. ओपलने उत्तरादाखल पेअरची पेटी पाठवली. सोबत चिठ्ठी होती : तुमच्या यंत्राला भूक फार दिसते.

आमच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. फसलेला प्रयोग पुसायचा नाही. तो जसाच्या तसा 'फजितीचे कपाट' नावाच्या जागी ठेवायचा, वर करणाऱ्याचे नाव आणि काय शिकलो त्याची एक ओळ. शुक्रवारी दुपारी बिस्किटे खाता खाता त्या ओळी सगळ्यांपुढे वाचल्या जात. मोठमोठे शहाणे तिथे माना खाली घालत. आल्डर फेरीची सगळी पाने, आठवणींसकट, तिथे गेली. वर हेस्टरची ओळ होती : 'दुसऱ्याच्या दारावर थाप मारताना मध्ये थांबून ऐकावे.' ते कपाट माझ्याच डिस्कवर होते. यशाच्या प्रती चार ठिकाणी ठेवत. फजितीची प्रत कोण कशाला ठेवील?

पुढे मला प्रत्येक दोन पानांमध्ये थांबायची शिस्त लागली. मोठ्या सभांतून माझ्या कामाचे कौतुक झाले. बाहेरगावचे लोक आले की हेस्टर माझ्या डोक्यावर थोपटून सांगे, "हा आमचा पेलिकन." ते ऐकून मी उगाच थोडा गरम होई.

पण यंत्राचे कौतुक चार दिवसांचे. दोन वर्षांत बगळ्याच्या जागी नवे आले, मग माझ्याही जागी आले. मी आधी टेबलाखाली गेलो आणि मग अडगळीच्या खोलीत. हेस्टरचे तीन वर्षांचे आकडे, कुठले पान कधी जन्मले नि कधी गेले याची सगळी मोजणी, माझ्यातच राहिली होती. जगाची पाने जपणारी ही बाई स्वतःची वही मात्र "उद्या हलवते" म्हणत राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अंगावर धूळ बसत होती, आणि मला खरे सांगायचे तर फार एकटे वाटत होते.

मग एका फेब्रुवारीत आल्डर फेरीचा बांध फुटला. वाचनालयात छातीभर पाणी आले. संगणक बुडाला. आठवणींच्या प्रती ज्या खणात होत्या, तो खण संगणकाच्याच टेबलाचा होता. दोनच दिवसांनी ओपल ट्रेडवे चिखलाच्या बुटांनी आमच्या दारात उभी राहिली. ठेंगणी, पासष्टीची, डोळे सुजलेले.

"तुमच्या त्या खादाडाने आमचं काही ठेवलंय का हो?" तिने हेस्टरला विचारले. "ज्यांच्या आठवणी नंतर घेतल्या, त्यांना मी पुन्हा बोलतं करीन. पण त्या अठ्ठावन्नांतले तेहतीस जण आता गेलेत. त्यात माझी आईपण आहे."

आर्मांडोने मला उचलून आणले, पुसले, वायर जोडली. मी सुरू व्हायचा प्रयत्न केला, पण डिस्क जागची हलेना. इतके महिने पडून पडून ती आखडली होती.

"माफ कर रे म्हाताऱ्या," असे म्हणत आर्मांडोने पेचकसाच्या मुठीने माझ्या कुशीत एक ठोका दिला. मी कण्हलो आणि डिस्क फिरू लागली. तिच्यातून येणारा खरखर आवाज ऐकून त्याचा चेहरा उतरला.

"फार वेळ टिकणार नाही ही," तो हेस्टरला हळूच म्हणाला. "आधी तुझे आकडे काढू. मग पेअरवाले."

"आधी माणसं काढ."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तीन वर्षं आहेत ती!"

"मी पुन्हा मोजीन."

"कशावरून मोजशील? ती पानं तरी उरलीत का जगात?"

हेस्टरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "गेलेली माणसं परत सांगायला येणार आहेत का आर्मांडो? चालू कर."

ओपलला यातले काही कळले नाही. ती पडद्याला नाक लावून बसली होती. फजितीचे कपाट उघडले तशी वर कॅलेंडरांची रांग आली. "ते सदतीसशे साल राहू दे हो," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "तोवर मी रिटायर झालेली असेन."

मी एकेक माणूस देऊ लागलो. खरखर वाढत होती. तिसाव्याला माझा श्वास अडला, आर्मांडोने पुन्हा ठोका दिला. चाळीस. पन्नास. मित्रांनो, मी आयुष्यात लाखो पाने वाचली, पण एवढ्या जिवाच्या आकांताने एकही नाही. अठ्ठावन्नावे पान पलीकडच्या यंत्रात पोचले. आर्मांडोने घाईघाईने हेस्टरच्या आकड्यांकडे बोट नेले, आणि माझ्या पोटात काहीतरी कायमचे तुटले.

डिस्क थांबली ती पुन्हा फिरलीच नाही. ओपल मात्र आईचे पान मोठ्याने वाचत होती : "फळं डब्यांत भरायच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं पेअर सोलले. अजून पेअर दिसलं की हात सुरी शोधतो." वाचता वाचता ती हसत होती आणि रडत होती. मग तिने वळून विचारले, "तुमचं काही होतं का हो त्यात?"

"थोडे आकडे होते," हेस्टर म्हणाली. "विशेष काही नाही. तुम्ही पुढचं वाचा ना." आर्मांडो भिंतीकडे तोंड करून वायर गुंडाळत राहिला.

नवे वाचनालय बांधल्यावर ओपलने मला मागून घेतले. म्हणून मी इथे आहे. तुमचे ओले कोट मला चालतात. पण बाळांनो, ज्याच्याकडे ठेवण्यासारखे काही असेल, आजीचे बोलणे असो की स्वतःचे कष्ट, त्याने त्याची एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवावी, आणि ती आजच ठेवावी. हेस्टरची ती तीन वर्षे पुसली गेली नाहीत. ती अजून माझ्या पोटात आहेत, एकूण एक आकडा. हेस्टर दर शरदात पेअर घ्यायला इथे येते, माझ्या डोक्यावर थोपटते आणि जाते. मला ते आकडे तिला द्यायचे आहेत, आणि मला देता येत नाहीत.