दहाचे सोळा विभाग झाले तेव्हा

मी घाना देशाचा एक जुना कापडी नकाशा आहे, मित्रांनो. माझा देश पश्चिम आफ्रिकेत, पण राहतो मी घुग्घुसला, कांताबाईंच्या भिंतीवर.

त्यांचा मुलगा प्रफुल इथल्या कोळसा खाणीत डंपर दुरुस्त करायचा. पुढे तो घानातल्या सोन्याच्या खाणीत कामाला लागला. पहिल्या सुट्टीत त्याने मला तिथल्या बाजारातून आणलं. म्हणाला, "आई, मी कुठी राह्यतो ते तुले रोज दिसलं पाह्यजे."

माझ्यावर दहा विभागांचे दहा रंग. किनाऱ्यावर होड्या, मधल्या दाट जंगलात कोकोची झाडं, उत्तरेच्या गवताळ माळावर हत्ती. कांताबाईंना इंग्रजी वाचता येत नसे. त्या जंगलावर बोट ठेवून म्हणत, "हे आपलं गडचिरोली." उत्तरेचा माळ म्हणजे त्यांचा जिवती तालुका. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता, म्हणून किनाऱ्यावर त्यांचं बोट जरा जास्त वेळ रेंगाळे. मला फार बरं वाटे.

मागच्या वर्षी प्रफुलचा फोन आला. "आई, माह्यी बदली झाली. आता अहाफो विभागात हावो."

कांताबाईंनी शेजारच्या नूतन मॅडमना बोलावलं. मॅडमनी मोबाइल पाहिला, मग मला पाहिलं.

"बाई, हा जुना झाला. दहाचे सोळा विभाग झाले आता. अहाफो वेगळा निघाला, तो याच्यात नाई. काढून टाका, मी नवा छापून आणतो."

मी गारठलोच. कांताबाईंचा लेक कुठे आहे, हेच मला सांगता येईना!

मग त्या एकदम हसल्या. "काढून काऊन टाकू? गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तवा मी आरमोरीले माहेरी होतो. निजलो चांदा जिल्ह्यात, उठलो गडचिरोलीत! ना घर हाललं, ना जंगल. तुम्ही फक्त रेघा कुठून जाते ते दाखवा."

मॅडमनी खडूने रेघा आखल्या. कांताबाईंनी लाल दोऱ्याने त्यावर टाके घातले. पाच दुपारी लागल्या. सुई टोचायची, पण प्रत्येक टाक्यागणिक मी नव्याने खरा होत होतो.

यंदा प्रफुल आला आणि माझ्यासमोर उभाच राहिला. "आई, आमच्या कॅम्पात अजून दहावालाच लटकून हाये. हा मी घेऊन जातो."

"अन् मी तुले कुठी पाहू? तिथला इथी पाठव. टाके मारून देतो."

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटात एखादा जुना नकाशा गुंडाळून पडला असेल. त्याला रद्दीत घालू नका. काय बदललं ते शोधा आणि त्याच्यावर तेवढी रेघ ओढा. टोचलं तरी आम्ही कुरकुरणार नाही.