शिगेचा शेर

मित्रांनो, शेर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे आयाळ येते. मला आयाळ नाही. मी एक जुना पितळी शेर आहे, धान्य मोजायचं माप. किलो आले आणि मला कुणी ओळखेनासं झालं, म्हणून स्वतःच सांगावं लागतं. राग येतो, पण असो.

कल्याणच्या बाजारात एका तांबटाने मला ठोकून घडवलं. विकत घेतलं ते घोडबंदरच्या खाडीकाठी राहणाऱ्या हौसाबाईने. ती मिठागरात राबायची आणि मजुरी तांदळात मिळायची. मालकाचा माणूस तिच्याकडून मीठ घेताना टोपलीवर शीग चढवून घ्यायचा. शीग म्हणजे मापाच्या काठावर उभा राहिलेला ढीग. तांदूळ देताना मात्र तोच माणूस तळहाताने शीग पुसून टाकायचा. घेताना डोंगर, देताना मैदान. लोक त्याला व्यवहार म्हणायचे, मी चोरी म्हणतो.

मला घरी आणलं त्या दिवशी हौसाबाई सुनेला म्हणाली, "लक्ष्मी, या घरान शेर पुसाचा नाय. कोनालाच."

ते शेवटपर्यंत पाळलं गेलं. शेजारणीला उसने तांदूळ द्यायचे तेही शिगेचे, दारात आलेल्याला घालायचे तेही शिगेचे. "माप बघायचं तर राघोच्या घरचं," असं लोक म्हणायचे, आणि मी कौतुकाने चकाकायचो. राघो म्हणजे लक्ष्मीचा नवरा.

मग मिठागरं बंद पडली. राघोच्या तुकडाभर शेतावर टॉवर उभे राहिले आणि त्यातल्याच एकात त्याला फ्लॅट मिळाला. तांदूळ पिशवीतून येऊ लागला. मला चिंचेने घासून शोकेसमध्ये ठेवलं आणि माझ्या तोंडात प्लास्टिकची फुलं खोचली. पाहुणे विचारायचे, "अँटिक आहे का?" ज्याने घराला जेवू घातलं, त्याची फुलदाणी करून टाकायची आणि वर त्याला मान म्हणायचं! बरीच वर्षं मी तो मान सोसला.

एके दिवशी लक्ष्मीचा मुलगा मितेश ग्रेट डेनचं पिल्लू घेऊन आला. नुसते पाय आणि कान. नाव ठेवलं शेरू. लक्ष्मी हसून म्हणाली, "मंग आता घरान दोन शेर!" तिने फुलं उपटून फेकली आणि शेरूचं खाणं मोजायला मला खाली काढलं. मित्रांनो, त्या दिवशी मला पुन्हा वजन आलं.

खाणं मितेश आणायचा, माजिवड्याच्या एका दुकानातल्या उघड्या गोणीतून. सुकं, गोळ्यांसारखं. दुकानदार म्हणालेला, "साहेब, हे घाला, दोन महिन्यांत घोडा होईल." सोबत कॅल्शियमची पावडरही गळ्यात मारलेली. मितेशला तेच हवं होतं. "नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या गर्दीत नेणार ना, पब्लिक साइडला झाली पाहिजे!"

त्याची बायको करिश्मा म्हणाली, "अरे, पण यात आहे काय? गोणीवर ना नाव, ना तारीख. मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाणं वेगळं असतं. आणि आई, तुम्ही किती भरताय! थोडं कमी घाला ना."

लक्ष्मीने माझ्यावर आणखी एक मूठ चढवली. "तुझे माहेरला पुसतान काय शेर? आमचेकडे नाय पुसत."

शेरू शिगेचा शेर दिवसातून चार वेळा फस्त करत राहिला. तो भराभर उंच झाला. सोसायटीतले लोक फोटो काढायचे आणि मितेशची कॉलर ताठ व्हायची.

मग एका सकाळी लिफ्टपाशी शेरू बसला तो उठेना. पुढचे पाय बाहेर वाकलेले, पंजे फाकलेले. मितेशने ओढलं तसा तो केकाटला. प्राण्यांच्या डॉक्टर योगिनी यांना फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "खाणं घेऊन या. कशाने मोजता तेही आणा."

असा मी दवाखान्याच्या टेबलावर पोहोचलो.

डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, एक्स-रे काढला. मग म्हणाल्या, "हाडं अजून कच्ची आहेत आणि तुम्ही वरचं वजन वाढवत चाललात. मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढलं पाहिजे. कॅल्शियमची पावडर आजपासून बंद."

"मॅडम, कॅल्शियमने तर हाडं मजबूत होतात ना?" मितेशने विचारलं.

"या पिल्लांची बिघडतात. जास्तीचं कॅल्शियम यांना बाहेर टाकता येत नाही. आणि हे उघड्या गोणीतलं कुणासाठी बनवलंय हे तुम्हाला तरी माहीत आहे का?"

"दुकानदार बोललेला..."

"दुकानदार बोललेला!" लक्ष्मी कडाडली. "त्याचं तोंड चाललं नि माझे शेरूचे पाय गेले!"

"गेले नाहीत अजून," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता हात आवरलात तर बहुतेक सरळ होतील. नाही आवरलात तर जन्मभर लंगडेल." मग त्यांनी मला उचललं, माझ्या काठावरून बोट फिरवलं. "हे माप चालेल. फक्त इथपर्यंत. वर ढीग नको."

लक्ष्मीने माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे पुसाचा?"

डॉक्टरांना त्या शब्दाचं वजन काय कळणार! त्या म्हणाल्या, "हो, पुसायचा."

येताना करिश्माने बंद पिशवी निवडली. दुकानात ती उभ्या उभ्या मागची बारीक अक्षरं वाचत होती आणि मितेश पहिल्यांदाच तिच्या खांद्यावरून वाकून वाचत होता. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी, असं स्पष्ट लिहिलेलं. घटकांमध्ये पहिलं नाव चिकनचं, मक्याचं नव्हे. कॅल्शियम किती ते छापलेलं. पुढच्या बाजूला रुबाबदार कुत्रा सगळ्याच पिशव्यांवर असतो. चित्र पाहून दुसऱ्याच्या पोटाचा निर्णय घेणारे लोक मला मिठागरवाल्याच्या माणसाइतकेच बेपर्वा वाटतात.

घरी लक्ष्मीने मला पिशवीत बुडवून बाहेर काढलं. सवयीने शीग आलीच. शेरू पडल्या पडल्या शेपूट आपटत होता. तिचा हात वर गेला आणि थांबला. भिंतीवर हौसाबाईचा फोटो होता.

"आये," ती हळूच म्हणाली, "मी आज शेर पुसतंय. त्याचा घास माराला नाय गो. त्याला उभा कराला."

तिने तळहात माझ्या काठावरून फिरवला. वरचे दाणे पिशवीत परत गेले. इतक्या वर्षांत मी या घरात पहिल्यांदा सपाट झालो, आणि खोटं कशाला बोलू, मला लाज वाटली नाही. मालकाचा माणूस पुसायचा तेव्हा त्याची नजर स्वतःच्या पोत्यावर असायची. लक्ष्मीची नजर शेरूच्या पायांवर होती.

आता शेरू उभा राहतो. डावा पंजा अजून जरा बाहेर पडतो. टेंभी नाक्याचं नाव मितेश काढत नाही. "हळूहळू होऊ दे रे, घाई नाय," असं तो शेरूच्या कानात बोलतो.

मित्रांनो, पिल्लू आणाल तर त्याच्या ताटात तुमचा मोठेपणा वाढू नका. ते बिचारं नको म्हणत नाही, समोर येईल ते खातं. पिशवीवरची बारीक अक्षरं त्याच्यासाठी तुम्हालाच वाचायची आहेत. आणि हो, घरातल्या जुन्या मापात फुलं खोचू नका, त्याला काम द्या.

लक्ष्मी रोज आधी माझी शीग पुसते, मग तोच तळहात शेरूच्या बरगड्यांवरून फिरवते. डॉक्टरांनी सांगितलंय, बरगड्या हाताला लागल्या म्हणजे वजन बेताचं. लागल्या की म्हणते, "बरोबर हाय." कधी कधी वाटतं, ती मलाच म्हणतेय.