मोकळी गल्ली

अग्निशमन केंद्रातल्या कैलासने स्कूटरचं मागचं चाक उचललं, त्याचा ड्रायव्हर भावेशने पुढचं, आणि दोघांनी मिळून ती दुकानाच्या पायरीला टेकवून ठेवली. एरवी या गल्लीत गाडी हलवा म्हटलं की माणसं अंगावर येतात. आज जो तो आपणहून चावी घेऊन खाली उतरत होता. सोफ्याच्या दुकानाचे होतचंद शेठ तर रस्त्यावर मांडलेल्या खुर्च्या जातीने आत नेत होते.

"साहब, सब क्लियर करके देता हूँ," ते म्हणाले. "प्रोग्राम के बाद वापस लगा सकते हैं ना?"

कैलास पुढच्या स्कूटरकडे वळला. आग विझवण्याच्या सरावासाठी कॅम्प चारची ही गल्ली अशी लख्ख झाली होती, जशी कुणाची वरात यायची आहे. खऱ्या आगीला बिचारीला असं आगाऊ कळवून येता येत नाही.

आयुक्त यायचे होते. अंबरनाथहून कटर आणि जॅक घेऊन रेस्क्यूची गाडी आली होती, बदलापूरहून शिडीची गाडी. मोठी आग लागली की शेजारच्या शहरांनी एकमेकांच्या मदतीला धावायचं असतं, त्याचीच ही रंगीत तालीम. आणि तालमीसाठी इमारत निवडली होती ती मागच्या वर्षी होळीच्या आधी जळालेलीच. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घराला अजून रंग दिलेला नव्हता. खिडकीवरची काळी जीभ खालून दिसत होती.

शलाका मॅडम मांडवात उभ्या राहून कामं वाटून देत होत्या. केंद्रातल्या त्या सगळ्यात तरुण अधिकारी. खिडकीत पुतळा ठेवायचा, शिडीवरून तो उतरवायचा, असं त्या सांगत असतानाच उमा पुढे आली. तिला ओळख सांगावी लागली नाही. त्या घरात गेलेला राजस तिचा मुलगा. एकुलता एक.

"पुतळा कशाला?" ती म्हणाली. "मी बसते खिडकीत."

"ताई, तुम्हाला त्रास होईल," मॅडम म्हणाल्या.

"व्हायचा तो होऊन गेला. त्या दिवशी मी कामावर होते, मला काहीच बघायला मिळालं नाही. तुम्ही लोक येता कसे, किती वेळात येता, ते मला त्याच खिडकीतून बघायचंय."

हे बोलताना तिने कैलासकडे पाहिलं. त्या दिवशीच्या गाडीवरचा प्रमुख तोच होता, हे तिला माहीत होतं. वर्षभर ती हेच सांगत आली होती, की बंब उशिरा आला म्हणून माझा राजस गेला. केंद्राच्या दारात येऊनही सांगून गेली होती, आणि कैलासने खाली मान घालून ऐकून घेतलं होतं.

त्याने मॅडमना बाजूला घेतलं.

"मॅडम, तिला वर नका पाठवू."

"का? आपल्यालाच दोष देते ना ती? मग बघू दे की. आपण वेळेत पोचतो, हे तिच्या डोळ्यांना दिसू दे."

कैलासला नेमकी त्याचीच धास्ती होती. पण ती सांगायची म्हणजे पुढचंही सांगावं लागणार. तो बंबाकडे निघाला आणि मॅडमनी उमाला वर पाठवलं.

त्या दिवशी बंब उशिरा निघालाच नव्हता. गल्लीच्या तोंडाशी तो वेळेत आला होता. माणसांनी भराभर स्कूटरी उचलून बाजूला टाकल्या होत्या. पण वळणावर, ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणापाशी, एक टेम्पो उभा होता. ब्रेक ओढलेला, गिअरमध्ये टाकलेला. कैलास बोंबलून बोंबलून चावी मागत होता आणि कुणी ओ देत नव्हतं. बंबाच्या नाकाने त्याला ढकलून पाहिलं, तो तिरका होऊन भिंतीत रुतला. मग खाली उतरून पाइप ओढत नेला, लोखंडी शिडी खांद्यावर वाहून नेली, खिडकीची जाळी कापली. रात्रपाळी करून झोपलेला तो पोरगा खाली आणला तेव्हा अंग गरम होतं, श्वास नव्हता.

टेम्पो कुणाचा ते कैलासला दुसऱ्या दिवशी कळलं. शिवरामचा. राजसच्या बापाचा. जेवायला घरी आला, चावी खिळ्याला अडकवली आणि दही आणायला खाली उतरला, तेवढ्यात जिना धुराने भरला. ज्या चावीसाठी कैलास वळणावर ओरडत होता, ती जळत्या घरात होती, आणि चावीचा मालक खिडकीखाली हात पसरून उभा होता.

कैलासने हे कुणाला सांगितलं नाही. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा गल्लीत वाहनं होती एवढंच म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. मुलगा गेला, आता नवराबायकोचंही तुटायला नको, असं त्याला वाटलं होतं. त्यापायी शिव्या खायला तो तयार होता. पण आज मोकळ्या गल्लीतून बंब सरसर खिडकीखाली आला, तर ती विचारणारच, की मग त्या दिवशी आड काय आलं?

मुख्य रस्त्यावर बंब तयार होता. कैलास पुढे बसला, भावेशने स्टिअरिंग धरलं. शिट्टी झाली, भोंगा सुरू झाला.

"हळू घे," कैलास म्हणाला.

"हळू? आयुक्त बघतायत, दादा."

"सांगतो ते कर."

आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. उभ्या नोकरीत त्याने ड्रायव्हरला हे शब्द कधी उच्चारले नव्हते, आणि त्याला स्वतःचीच शरम वाटली. बंब गल्लीत शिरला. दोन्ही बाजूंना माणसं मोबाइल धरून उभी होती. वळण आलं आणि भावेशने करकचून ब्रेक दाबला.

"ए, कौन है रे? आत्ता तर गल्ली साफ केली होती!"

वळणावर टेम्पो आडवा होता. शेजारच्या वर्कशॉपच्या आवारातून नुकताच बाहेर काढलेला. मागचा पत्रा चेपलेला होता, वर्षभर कुणी तो सरळ केला नव्हता. बाजूला शिवराम उभा होता. शर्टाची वरपर्यंत बटणं लावलेली, चावी मुठीत.

कैलास उडी मारून खाली उतरला.

"शिवरामभाऊ, काढा तो. सराव आहे."

"इथंच होता ना, साहेब?" शिवराम म्हणाला. आवाज चढा नव्हता. "मला वाटतं इथंच. पण तुम्ही बघितलाय, तुम्ही सांगा."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पत्रा चेपलेला दिसला ना. बंबाचा लाल रंग लागला होता त्याला." त्याने चेपलेल्या पत्र्यावर हात ठेवला. "वर्षभर ती तुम्हाला शिव्या घालते, आणि मी शेजारी बसून ऐकतो. आता नाही ऐकवत."

मागे भोंगा चालूच होता. गर्दीतून कुणीतरी शिवरामला हटकलं, एक पोलीस धावत येऊ लागला. कैलासने हात वर करून त्याला थांबवलं. पत्र्यांच्या छपरांवरून तिसऱ्या मजल्यावरची खिडकी इथून दिसत होती, आणि खिडकीतली उमाही. ती उभी राहिली होती.

"थोडा मागे घ्या," कैलास म्हणाला. त्याने बोटाने जागा दाखवली. "त्या कुंपणाला लागून होता."

शिवरामने टेम्पो मागे घेतला, कुंपणाला लावला, ब्रेक ओढला आणि खाली उतरून भिंतीशी उभा राहिला. आता बंबाला पुढे जायला जागा नव्हती.

"उतरा सगळे!" कैलास ओरडला. "पाइप हातानं! शिडी खांद्यावर!"

जवान धावले. टेम्पो आणि भिंत यांच्या फटीतून एकेक अंग चोरत निघाला. शिडी अडकली, तिरकी केली, पुन्हा अडकली. मोबाइल धरलेले हात हळूहळू खाली आले. होतचंद शेठ पायरीवरच्या स्कूटरींकडे बघत उभे होते. आयुक्तांनी काहीतरी विचारलं, त्यावर शलाका मॅडम एवढंच म्हणाल्या, "सर, त्या दिवशी असंच झालं असणार. चालू द्या."

शेवटी शिडी खिडकीला लागली आणि कैलास वर चढला. धापा टाकत त्याने चौकट धरली. उमा त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्या खांद्यावरून वळणाकडे बघत होती.

"आमचाच होता?" तिने विचारलं.

इतके दिवस जपलेलं आता झाकण्यात अर्थ नव्हता.

"हो, ताई."

"आणि चावी इथं." तिने भिंतीकडे हात केला, जिथे आता नुसती काजळी होती. मग तिने पदराने तोंड पुसलं. डोळे भरून वाहत होते, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"त्यांना ठाऊक होतं? वर्षभर?"

कैलासने होकारार्थी मान हलवली आणि हात पुढे केला. "या. मी धरतो, भिऊ नका."

खाली सगळे वर बघत होते. वळणावर मात्र गर्दी उरली नव्हती. माणसं शिवरामपासून लांब सरकली होती, आणि तो टेम्पोला पाठ लावून, दोन्ही हात पोटाशी धरून उभा होता.

उमाने कैलासचा हात अलगद बाजूला केला.

"शिडीनं फार वेळ लागेल," ती म्हणाली. "मी जिन्यानं जाते. ते एकटेच उभे आहेत."