फळीवरचा उष्टा नान

स्टुलावर चढून अकबोताने वरच्या फळीवरची पिशवी खाली ओढली, आत पाहिलं आणि फाटकाकडे वळून पाहिलं.

बाहेर फाटकाशी ट्रकचे ब्रेक फुसफुसत होते. आक्तोस कुत्रा साखळीसकट नाचत होता. आणि पिशवीत बारा दिवसांपूर्वीचा अर्धा नान होता. कडेला कोकेंच्या, म्हणजे वडिलांच्या, दातांचा अर्धगोल, वर कोल्बासाची, विकतच्या मांसाच्या कांडीची, एक जाड चकती. नानाचा दगड झाला होता. चकतीच्या कडा मात्र जराशा वळल्या होत्या, एवढंच. मार्च लागला तरी काचेच्या ओसरीत पाणी गोठत होतं हे खरं, पण म्हणून काय इतकं? चकती गुलाबी ती गुलाबीच. जशी काही गालाला रंग लावून लग्नाला निघालीय.

लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाने उंबऱ्यात नानाचा एक घास तोडायचा. उरलेला घराने जपून ठेवायचा आणि तो माणूस परतला की त्यानेच संपवायचा. उष्टा घास माणसाला ओढून आणतो म्हणतात. त्यासाठी नान कोरा लागतो, हे तराझ शहराच्या आसपास पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. कोल्बासा घातलेला नान फळीवर चढवण्याचा पराक्रम अख्ख्या गल्लीत एकट्या अकबोताच्या नावावर होता.

त्या सकाळी तिला घाई होती. जिल्ह्याची वक्तृत्व स्पर्धा, साडेसातची बस आणि केसांची वेणी अर्धवट. कोके, म्हणजे सागिंदिक, ओरेनबर्गच्या वाटेला कांद्याचा ट्रक घेऊन निघाले होते. तिने स्वतःसाठी केलेला नान-कोल्बासा तसाच त्यांच्या तोंडापुढे धरला. "चावा, कोके, लवकर!" ते हसत चावले. मग तिने त्यांच्या पिशवीत कोल्बासाच्या दोन लांब कांड्या कोंबल्या, वर थर्मास ठेवला आणि पळाली.

पळताना फ्रीजरवरून पळाली. फ्रीजरमध्ये हिवाळ्याच्या बेगमीचं मांस होतं, गळ्यापर्यंत भरलेलं. तिची आई शोल्पान समुद्राकडच्या तेलविहिरींवर स्वयंपाकीण होती. एक महिना तिथे, एक महिना घरी. निघताना दर वेळी तेच बजावून जायची. "वडील वाटेला निघायचे असले की आदल्या दिवशी मांस शिजव. तीन तास लागतात, पण तुला काय, पातेलं एकटंच शिजतं. बरणीत भर आणि दे." पहिल्या खेपेला अकबोताने शिजवलं. दुसऱ्या खेपेला नाटकाची तालीम निघाली. तिसऱ्या खेपेला काहीच निघालं नाही, तरी तिने कांड्याच दिल्या. याला दोन वर्षं झाली. आईचा फोन आला की प्रश्न ठरलेला. "कोकेला मांस दिलंस ना?"

"दिलं, अपा."

खोटं आता इतकं गुळगुळीत झालं होतं की जिभेला लागायचंसुद्धा नाही.

आणि स्पर्धेत तिचा विषय काय होता? 'आपल्या डब्यात काय असतं?' कोल्बासा, सॉसेज, हॅम, सगळं तिने सोलून काढलं. रोज पन्नास ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका अठरा टक्क्यांनी वाढतो, हे सांगताना आवाज घंटेसारखा वाजला. आयुष्यात पहिल्यांदा माइकपुढे ती एकही वाक्य विसरली नाही. पहिलं बक्षीस. टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांच्या मधोमध तिला पिशवीतल्या दोन कांड्या आठवल्या. तरीही ती वाकली आणि टाळ्या घेतल्याच.

फाटक वाजलं. अकबोताने चकती ओरबाडली आणि ओसरीच्या दारातून आक्तोसपुढे फेकली. कुत्र्याने ती चावलीसुद्धा नाही.

"कुठंय आमची चॅम्पियन?"

कोके आत आले. कोट खांद्यांवर लोंबत होता. तो आधीपासून इतका सैल होता का? त्यांनी तिच्या कपाळाचा वास घेतला, हात धुतले, बसले आणि नानासाठी हात पुढे केला. हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"याची टोपी कुठं गेली?"

"आक्तोसने खाल्ली."

"फळीवर चढला होता वाटतं. ऐंशी वर्षांचा म्हातारा शोभेल आणि फळीवर चढतो."

अकबोता चहा ओतत राहिली. पेला भरून वाहू लागला तेव्हा थांबली. कोकेंनी बशीतला चहा पिऊन टाकला आणि नान पेल्यात बुडवला.

"गुरुवारी अल्माटीला पोचायचंय," ते म्हणाले. "मंगळवारीच निघेन."

"काय माल आहे?"

"माल मीच." त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढून पेल्याखाली ठेवला. "आतून कॅमेरा घालून बघणार आहेत. घाबरू नकोस. शरदापासून थोडं रक्त जात होतं. मला वाटलं मूळव्याध. ड्रायव्हरला मूळव्याध नसली तर लोक लायसन्स विचारतात."

तिने कागद उचलला. अक्षरं डॉक्टरी होती. एकच शब्द कळला, आणि तोही प्रश्नचिन्हासकट होता.

"शरदापासून? आणि आत्ता सांगताय?"

"सांगणारच नव्हतो. ओराझने फोनवर तुझं भाषण लावलं, अक्तोबेच्या चहाच्या टपरीत." ओराझ-आगा त्यांचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार, त्यांच्या ट्रकच्या मागे-पुढे आपला ट्रक हाकणारा. "तू शेवटी म्हणालीस ना, रक्त दिसलं तर लाजू नका, डॉक्टरकडे जा. मी ओराझकडे बघितलं. म्हटलं, ही पोरगी माझ्याशीच बोलतेय की काय? तिथनं सरळ दवाखान्यात गेलो."

अकबोताने कागदाच्या पुन्हा चार घड्या घातल्या आणि तो पेल्याखाली सारला. तिला आनंद व्हायला हवा होता, पण आनंद असा टोचत नाही.

"म्हणजे सगळं ऐकलंत. कोल्बासाचंसुद्धा."

"चार वेळा. टपरीभर लोकांनी ऐकलं. ओराझने आपली कांडी माझ्यापुढे सरकवली. म्हणाला, मुलगी तुझी, पाप तूच पोटात घाल."

"खाल्लीत?"

"त्याची नाही खाल्ली."

"आणि माझ्या?"

कोकेंनी नानाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. वेळ लावून चावला. "घरून दिलेली शिदोरी परत आणतात का ग कुठं?"

ती स्टुलावर बसली.

"कोके, मला माहीत होतं. भाषण लिहिलं तेव्हापासून नाही, सातवीपासून. पुस्तकात होतं. फ्रीजरमधलं मांस... मी ते कधी..."

"फ्रीजरमध्ये मासे मीच ठेवतो. मला डोळे आहेत."

"मग ओरडला का नाहीत?"

"तू शाळेतून यायचीस, तोंडाचा पट्टा सुरू. आज हे नाटक, उद्या ते भाषण. पूर्वी पाहुणा आला तर पडद्यामागे लपणारी पोर." त्यांनी खांदे उडवले. "पातेल्याशी बसवून तुला गप्प करू? आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडतंही. त्या कोल्बासाचं नावच 'डॉक्टरी'. म्हटलं, डॉक्टरच खातोय, वाईट काय होणार?"

तिला हसू आलं नाही. त्यांनाही फारसं आलं नाही.

"अठरा टक्के म्हणजे किती ग?" त्यांनी विचारलं. "शंभरातले अठरा?"

"नाही. समजा शंभरातल्या पाच जणांना एरवीही होतो. रोज खाल्लं तर सहा जणांना."

"म्हणजे माणूस एकच वाढला."

"एकच."

"तो मीच असेन असं नाही."

"नसालच असंही नाही, कोके."

त्यांनी मान डोलावली, जशी रस्त्यावरच्या पोलिसापुढे डोलावतात. मग हलक्या आवाजात म्हणाले, "तपासणीचं तुझ्या अपाला मी सांगेन, फ्रीजरचं सांगायची गरज नाही. मी ओराझच्या घरी देऊन टाकीन, मागच्या वर्षी दिलं तसं. विचारलं तर म्हणेन, सगळं मीच खाल्लं. तिकडे दोनशे माणसांचं रांधते बिचारी, तिच्या जिवाला घोर कशाला? तू गप्प राहा. झालं ते झालं."

त्यांनी चिडून पातेलं आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मंगळवारी अकबोता शाळेत गेली नाही. घोड्याच्या मांसाचा सर्वांत चांगला तुकडा तिने आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. वरचा फेस तिने चार वेळा काढला. कांदा, तमालपत्र, मिरी. तीन तास ती पातेल्याजवळून हलली नाही, जणू ते उठून पळणार होतं. घरभर आईचा वास सुटला.

कोके कोट घालून स्वयंपाकघरात आले. झाकण उचललं, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

"खाता येणार नाही, बोताश. तपासणीपर्यंत मांस बंद. भात, सूप, पांढरा नान."

"माहीत आहे. कागदाच्या मागे छापलेलं वाचलं."

"मग शिजवलंस कशाला?"

तिने गॅस बारीक केला. त्यांनी पुन्हा एकदा वाकून वास घेतला. "वासाचं कागदावर काही नव्हतं," ते म्हणाले, आणि झाकण इतकं हलकेच ठेवलं की वाजलंसुद्धा नाही.

उंबऱ्यात तिने नान पुढे केला. कोरा. त्यांनी घास तोडला, चावत चावत फाटकाबाहेर गेले आणि ओराझ-आगाच्या गाडीत बसले. निघताना काच खाली करून ओठांवर बोट ठेवलं, फ्रीजरच्या दिशेने भुवया उडवल्या. ओराझ-आगाने भोंगा वाजवला. आक्तोस गाडी वळेपर्यंत भुंकत राहिला.

अकबोताने नान स्वच्छ फडक्यात गुंडाळला. स्टुलावर चढली. फळी आधी पुसली, मग तो ठेवला. ती अजून वरच होती, तोच खाली टेबलावर फोन वाजला. समुद्राकडून. या वेळी तिकडे दुपारच्या जेवणाची भांडी घासायला घेतात.

"निघाले का ग?" शोल्पानचा आवाज, मागे ताटांचा खणखणाट. "कागदपत्रं घेतलीत ना? मी दोन दिवसांची सुट्टी मागितलीय, बघू देतात का. आणि वाटेला... अगं हो, मांस बंद आहे नाही का त्यांचं. मेलं विसरायलाच होतं. एरवी तू देतेस तेवढाच काय तो जिवाला आधार. देतेस ना दर खेपेला?"

पातेलं गॅसवर अजून गरम होतं. अकबोताने त्याच्या झाकणावर हात ठेवला, चटका बसला तरी काढला नाही.

"अपा," ती म्हणाली, "हातातलं काम जरा बाजूला ठेव. कुठंतरी बस."